आधी शेवटचं विमान

सोनाबाई आजवर कुणाच्या दारात रिकाम्या हाताने गेली नव्हती. पनवेलला उरण नाक्याच्या मासळी बाजारात तिचा ओटा होता आणि ज्याच्या घरी जायचं त्याच्यासाठी चार बोंबील नाहीतर ओंजळभर करंदी तिच्या पिशवीत असायचीच. पण डिसेंबरातल्या त्या सकाळी ती दयाराम गुरुजींच्या ओसरीवर चढली, तेव्हा तिच्या एका हातात पासपोर्ट होता आणि दुसऱ्या हाताने तिने पुतण्याचं, केतनचं, मनगट धरलं होतं. सोडलं तर तो पळून जाईल, अशा बेताने.

गुरुजी भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. सुट्टीत गल्लीतली पोरं सकाळी त्यांच्या ओसरीवर जमत. आजही चार-पाच जणं होती आणि त्यांच्यात सोनाबाईची नात प्रांजल होती. आजीचा चेहरा बघून प्रांजलने वही मिटली. गुरुजींनी बाकीच्या पोरांना घरी पिटाळलं, पण तिला राहू दिलं. तिच्याच बापाची गोष्ट होती.

"गुरुजी, माज्या पोऱ्याकडं जायचं हाय," सोनाबाई खाली बसत म्हणाली. "यानं तिकिटं काढलीत. तुमी एकदा बगा. मना याचा भरवसा नाय."

"काकी, पोरांसमोर तरी नको गो," केतन पुटपुटला.

प्रितेश सोनाबाईचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर फिटरचं काम करायचा. आठवड्यापूर्वी इंजिनखोलीत साखळी तुटली आणि वर टांगलेला पंप त्याच्या उजव्या पायावर आला. जहाजाने त्याला जवळच्या बंदरात उतरवलं आणि ते पुढे निघून गेलं. फिलिपिन्स देशातलं टॅक्लोबान नावाचं गाव. गल्लीत कुणी ते नाव ऐकलंही नव्हतं. आता जखमेत विष भरलं होतं. डॉक्टर म्हणत होते, पाय गुडघ्याजवळून काढावा लागेल, नाहीतर विष रक्तातून वर चढेल आणि माणूस जाईल. परवा संध्याकाळपर्यंत काय ते ठरवा. आणि प्रितेश सही करायला तयार नव्हता. "आय येईल, डोल्यानं बगेल, मंग काय ते," एवढंच त्याचं म्हणणं. त्याची बायको रिया फोनवर रडली, भांडली, हात जोडले. तो हलला नाही.

हे सगळं गल्लीला माहीत होतं. गल्लीला माहीत नव्हतं ते एवढंच, की सोनाबाई पाय वाचवायलाच निघाली होती. धडधाकट पोराचा पाय कुणीतरी परक्या मुलखात कापायला बसलाय आणि आपण तिथे पोचलो की कापणारा हात धरून थांबवणार, अशी तिच्या मनाने गाठ बांधली होती. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. रियाला तर नाहीच.

गुरुजींनी चष्मा लावून केतनचा मोबाइल हातात घेतला. त्यांचा मुलगा सुशांत त्याच देशात डॉक्टरकी शिकला होता. त्या निमित्ताने गुरुजी दोन-तीनदा तिकडे जाऊन आले होते. त्यांनी तिकिटं वाचली, पुन्हा वाचली.

"केतन, ही तर उद्या रात्रीची, मनिलापर्यंतची. सोनाबाई आणि रिया, दोघींची. बरोबर?"

"हो."

"आणि मनिलाहून टॅक्लोबान?"

"ते काय, तिथं गेल्यावर काढतील ना." केतनचा जासईला कंटेनर यार्डात गाड्या लावायचा धंदा होता. ऐनवेळी गाडी उभी करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "डोमेस्टिक म्हंजे काय गुरुजी, आपली वडापच. पळस्प्याला उभं रायलं की गोव्याकडची गाडी भेटते की नाय? तसंच."

गुरुजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "गणपतीच्या आदल्या दिवशी उभा राहिलायस कधी पळस्प्याला?"

केतन म्हणाला, "रायलोय. मेव्हण्याच्या गावाला जायचं होतं. शेवटी कोंबड्यांच्या टेम्पोत बसून गेलो."

"तिथे तीन दिवसांवर नाताळ आहे. त्यांचा नाताळ म्हणजे आपला गणपती. मनिलात पोटापाण्यासाठी आलेला प्रत्येक माणूस आपापल्या बेटावर निघालाय. आणि तिथे कोंबड्यांचा टेम्पो मिळायचा नाही. मध्ये समुद्र आहे."

सोनाबाईने केतनकडे पाहिलं.  ते केतनला शिवीपेक्षा जास्त लागलं.

गुरुजींनी पोरांच्या पाटीवरचा खडू उचलला आणि ओसरीच्या फरशीवर तीन गोळे काढले. एक मुंबई, एक बराच लांब मनिला, आणि त्याच्या खाली उजवीकडे बारीकसा टॅक्लोबान.

"सोनाबाई, मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचं असेल, तर घरातून निघायचं कसं ठरवता?"

"लाँच कवा सुटते ते इचारून. ओहोटीला ती लागत नाय धक्क्याला."

"म्हणजे आधी लाँच, मग रिक्षा."

"तर काय! रिक्षा कवापन भेटते."

"मग हे मुंबई-मनिलाचं मोठं विमान आहे ना, ती रिक्षा. रोज कितीतरी मिळतील. या कंपनीचं नाही तर त्या कंपनीचं, सिंगापूरवरून नाहीतर बँकॉकवरून. आणि हे मनिला-टॅक्लोबान, ही लाँच. दिवसाला मोजकी, लहान, आणि वाऱ्यापावसाला थांबणारी. परक्या देशात आतलं विमान असेल तेव्हा आधी शेवटचं विमान बघायचं. ते पक्कं झालं की मागे मागे येत आपल्या दारापर्यंत पोचायचं. केतनने पुढून सुरुवात केली."

"मी पण पुढूनच केली असती," प्रांजल हळूच म्हणाली.

"सगळेच करतात, बाळा. घर आपल्या डोळ्यांसमोर असतं ना."

मग त्यांनी दुसरी गोष्ट विचारली. परतीची तिकिटं कुठे आहेत?

केतनने काकीकडे बोट दाखवलं. "तिनं सांगितलं, नको काढू म्हणून."

"सोनाबाई, चौदा दिवस व्हिसाशिवाय राहू देतात ते लोक आपल्याला. पण परत जाणार आहात याचं तिकीट दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर मनिला लांबच, मुंबईच्या काउंटरवरच अडवतील."

सोनाबाईने पदर तोंडाला लावला. तिच्या सासरी, करंज्याला, होडी दर्यात निघाली की परतीचा वार कुणी तोंडातून काढत नसे. विचारतही नसत. बाई नुसतं "या" म्हणायची, गडी नुसतं "येतो" म्हणायचा. काशिरामने, तिच्या नवऱ्याने, ते वर्षानुवर्षं पाळलं. आणि एकदाच, कसा कोण जाणे, दारातून मागे वळून म्हणाला होता, "शुक्रवारी जेवाया येतंय. निवट्यांचं कालवण कर." तिने केलं होतं. शनिवारी ते ओतून दिलं.

"तारीख नाय सांगायची मना," ती म्हणाली. "दुसरं काय बी सांगा."

गुरुजींनी वाद घातला नाही. विज्ञान शिकवायची ही वेळ नव्हती. "बरं. ते मागाहून बघू. आधी लाँच बघू या," असं म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला.

तेवढ्यात रिया आली. रात्रभर जागलेली, केस कसेबसे बांधलेले. ती आपल्या शाळेतली नोकरी, घर, प्रांजल, सगळं दोन आठवडे कुणाच्या गळ्यात घालायचं ते ठरवून आली होती. ती सासूच्या बाजूला फरशीवरच बसली. गुरुजींनी एका विमान कंपनीचं पान उघडलं, मग दुसरीचं. तारीख टाकायची, दोन माणसं टाकायची, की पांढऱ्या पडद्यावर तीच ओळ यायची. केतन त्यांच्या खांद्यावरून वाचत होता.

चोवीस, जागा नाही. पंचवीस, नाही. सव्वीस, नाही.

"एजंटकडे असतील ना काढून ठेवलेल्या? दोन पैसे जास्त गेले तरी चालतील," केतन म्हणाला.

"बसची सीट नाही रे ती. पासपोर्टवर जे नाव, तेच तिकिटावर. दुसऱ्याच्या नावाची घेऊन काय करशील?"

"सर, दुसऱ्या वाटेने?" रियाने विचारलं. ती रात्री नकाशा बघत बसली होती. "सेबू म्हणून बेट आहे. तिथपर्यंत विमान आणि पुढे बोट."

गुरुजींनी मान डोलावली. त्यांच्याही मनात तेच होतं. सेबूच्या विमानात दोन जागा खरोखरच निघाल्या. रियाने सासूचा हात घट्ट धरला. पण गुरुजींनी पैसे भरायची घाई केली नाही. आधी त्यांनी बोटीचं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या बाजूला वादळ घोंगावत होतं. तटरक्षकांनी बोटी बंद ठेवल्या होत्या. कधी सुटतील ते कुणी लिहिलं नव्हतं.

"काय बोलतंय?" सोनाबाईने विचारलं.

"लाँच बंद आहे. वादळाचा बावटा लागलाय."

हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. बावटा लागल्यावर धक्क्यावर बसून राहिलेली माणसं तिने लहानपणापासून पाहिली होती. माणूस कितीही नडलेला असो, दर्याला त्याचं घेणं-देणं नसतं.

"मंग कवा?"

गुरुजींनी पान खाली सरकवलं. "सत्तावीसच्या सकाळी. त्याच्या आत नाही, सोनाबाई. मी कुठूनही फिरवून बघितलं. नाही."

डॉक्टरांनी परवाची संध्याकाळ दिली होती. रियाच्या तोंडून एकच शब्द निघाला, "आई," आणि तिने डोकं सासूच्या खांद्यावर टेकवलं. सोनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या मनातली गाठ मात्र सुटत नव्हती. जायचं, बघायचं, हात धरायचा. जायचंच जर बंद झालं, तर पुढचं काय?

शेवटी ती रियाला म्हणाली, "फोन लाव त्याला. चेहऱ्याचा लाव."

तिथे दुपार झाली होती. प्रितेशचा चेहरा पडद्यावर आला, गाल बसलेले, दाढी वाढलेली. त्याच्या मागच्या खिडकीत कुणीतरी चांदणीच्या आकाराचा कंदील टांगला होता. आपल्या दिवाळीसारखाच. लाल टोपी घातलेली एक नर्स त्याच्या हाताची नळी तपासत होती.

"आये, निगालीस?"

"नाय रं. तुज्या गावाला गाडी नाय. सत्तावीसपावतर नाय."

"केतन बोलला उद्या निगते!"

"त्याचं राहू दे. मनिलापर्यंतच होतं त्याचं. पुढं सगळं भरलंय. बावटा पन लागलाय."

प्रितेश छताकडे बघत राहिला. "मंग सत्तावीसला ये. मी थांबतंय."

"डॉक्टर थांबायला नको बोलतायत, प्रितेश," रिया मध्ये म्हणाली. "किती वेळा सांगू?"

"तू गप गो. आय आल्याबिगर मी कागदाला हात लावनार नाय."

सोनाबाईने रियाच्या हातातून फोन घेतला. "पाय दाखव मना."

"फोनवर काय दिसतंय त्यात?"

"दाखव बोलले ना!"

तो आवाज बाजारातला होता. रियाने नर्सला इंग्रजीत समजावलं. नर्सने जरा विचार केला, मग फोन हातात घेऊन ती पलंगाच्या पायथ्याशी गेली. पोटरीवर तुटक पट्ट्या होत्या, मधे मधे उघडी जागा, आणि शेवटी बोटं. सोनाबाईने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. काळसर काहीतरी दिसत होतं. पण फोनमध्ये सगळंच काळसर दिसतं.

लिलावात सोनाबाई नुसत्या नजरेने कधी मासा घेत नसे. नजरेला फसवता येतं. बर्फ वास लपवतो, पाणी मारलं की खवले चमकतात, कल्ल्यांना रंग लावणारेही भेटतात. पण अंगठ्याला कुणी फसवू शकत नाही. दाबायचं आणि सोडायचं. मांस वर आलं तर घ्यायचं. खड्डा राहिला तर कुणी फुकट दिला तरी पाटीत टाकायचा नाही. नातीला वाढवताना, सुनेला स्वयंपाक शिकवताना, सगळीकडे ती हेच सांगत आली होती. आणि इथे तिचा अंगठा समुद्रापलीकडे राहिला होता.

"रिया, तिला बोल, आदी चांगला पाय दाब. बोटाच्या वर."

नर्सने हातमोज्यातल्या अंगठ्याने डाव्या पायाची कातडी दाबली. जागा पांढरी झाली. सोडल्याबरोबर भरून आली, तांबूस.

"आता त्यो दाब."

उजवा पाय. नर्सने दाबलं, सोडलं. खड्डा तसाच राहिला. रंग गेला नाही, आला नाही. जसा होता तसा.

"अजून वर."

तसाच.

"अजून वर बोल तिला. पट्टीच्या कडेला."

रिया एकेक शब्द इंग्रजीत सांगत होती. नर्सही आता समजून चुकली होती की ही बाई काय विचारतेय. तिने स्वतःहून फोन जवळ धरला आणि हळूहळू वर सरकत गेली. नडगीवर काही नाही. त्याच्या वरही नाही. गुडघ्याच्या अलीकडे बोट टेकलं तेव्हा कुठे कातडी उशिराने, अगदी आळसावल्यासारखी, भरून आली. गुडघ्याच्या वर मात्र लगेच.

"तिथून जीव हाय," सोनाबाई स्वतःशीच म्हणाली.

गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. केतन पायरीवर जाऊन बसला होता.

फोन परत प्रितेशच्या चेहऱ्यावर आला. तो आईकडे टक लावून बघत होता. त्यालाही माहीत होतं ती काय बघत होती. तिच्या ओट्याखाली खेळतच तो मोठा झाला होता.

"सही कर, बाला," ती म्हणाली.

"तू येनार होतीस."

"बगितला मी."

"फोनवर? आये, माजा पाय हाय त्यो. बाजारातली मासली नाय!"

सोनाबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. 

"मासली असती तं पाटी उचलून मी दुसरीकडं गेले असते," सोनाबाई म्हणाली. "तू हायस म्हनून बोलतंय. मी येईपावतर थांबलास तं मना पाय मिलंल, तू नाय मिलनार. मना तू पायजे. सही कर."

प्रितेशने मान फिरवली. कंदिलाची लाल-हिरवी छाया त्याच्या कानावर पडली होती. थोड्या वेळाने नर्सने फोन उचलला, दोन शब्द हळू बोलली आणि पडदा काळा झाला.

प्रांजल इतका वेळ खांबाला धरून उभी होती. तिने विचारलं, "आजी, पप्पा आता चालनार नाय?"

"चालंल," सोनाबाई म्हणाली. "उशिरानं चालंल."

दुपारी जहाज कंपनीच्या तिथल्या माणसाचा रियाला निरोप आला. सही झाली होती. उद्या सकाळीच शस्त्रक्रिया ठेवली होती.

संध्याकाळी ते सगळे पुन्हा गुरुजींच्या ओसरीवर बसले. फरशीवरचे गोळे तसेच होते, कुणाच्या तरी पावलाने मनिला जरा पुसलं गेलं होतं.

"आता घाई गेली," गुरुजी म्हणाले. "आता नीट काढू. केतन, तू बस इथे. आज तू काढायचंस, मी सांगतो."

केतनने मान खाली घालूनच लॅपटॉप ओढला. गुरुजींनी त्याला सत्तावीस तारखेचं सकाळचं पहिलं विमान घ्यायला लावलं. लहान विमानाला दिवसभर उशीर साचत जातो आणि पहिलं रद्द झालं तर मागचं तरी हातात राहतं. तिकीट विमान कंपनीच्याच पानावरून घेतलं, म्हणजे वादळाने वेळ बदलली तर निरोप थेट रियाच्या फोनवर येईल. मधल्या कुणाच्या दारात उभं राहायला नको. नावं प्रांजलने पासपोर्टमधून एकेक अक्षर वाचून दिली आणि केतनने टाइप केली. कार्ड पहिल्यांदा नाकारलं गेलं. परदेशी व्यवहाराचं बटण बंद होतं. ते बँकेच्या ॲपमधून चालू केलं, मग पैसे गेले.

"आता मागे या," गुरुजी म्हणाले. "सकाळी तिथे हजर असायचं तर मनिलाला कधी पोचायला हवं?"

"त्याच सकाळी लवकर?" केतन म्हणाला.

"दोन तिकिटं वेगवेगळी आहेत, बाबा. मोठ्या विमानाला उशीर झाला तर लहान विमान थांबणार नाही, आणि पैसेही बुडाले. मनिलाला उतरल्यावर पासपोर्टच्या शिक्क्याची रांग, सामान ताब्यात घ्यायचं, दुसऱ्या टर्मिनलला न्यायचं, पुन्हा द्यायचं. या आजी आहेत बरोबर. आदल्या दिवशी दुपारी पोचवा. रात्री विमानतळाजवळ झोपू दे त्यांना."

मग केतनने मनिलाची तिकिटं पुढे ढकलली. त्याचा दंड भरला. राहिली परत यायची.

"सोनाबाई, आता ते..." गुरुजी थांबले.

सोनाबाई उठली. "तुमी घाला काय घालायचं ते. मी नलावर जातंय." आणि ती खरोखरच उठून गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहिल्याचा आवाज येत राहिला.

गुरुजींनी चौदा दिवसांच्या आतली एक तारीख बोटाने दाखवली, बोलले नाहीत. बदलता येतील अशीच तिकिटं निवडली. दोघींचीच.

ती परत आली तेव्हा तिने विचारलं, "त्याचं?"

"त्याचं आत्ता काढायचं नाही. डॉक्टर लिहून देतील तेव्हा कंपनी काढेल. त्याला तीन सीट लागतील, पाय लांब ठेवायला..." गुरुजींची जीभ मध्येच थांबली.

"एक तं हायच की लांब ठेवायला," सोनाबाई म्हणाली. "बोला तुमी, गुरुजी. मना आता त्याचं काय वाटत नाय."

वाटत होतं. ते सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया पार पडली. संध्याकाळी ताप उतरायला लागला. प्रितेश रियाशी बोलला, प्रांजलशी बोलला, केतनला दोन शिव्या दिल्या. आईला फोन द्या म्हटलं की झोप येतेय म्हणाला. पुढच्या दिवशीही तेच. सोनाबाईने आग्रह केला नाही. ती बाजारात गेली, ओट्यावर पाणी मारलं, पापलेट मांडले. शेजारच्या ओट्यावरच्या हौसाने विचारलं, "पोरगा काय बोलतंय?" सोनाबाई म्हणाली, "जित्ता हाय." एक गिऱ्हाईक माशाला बोट लावून बघायला लागलं, तेव्हा मात्र तिने तोंड फिरवलं.

निघायच्या दिवशी दुपारी रिया पिशव्या भरत होती. लहान विमानात सामान थोडंच चालतं, म्हणून गुरुजींनी घरचा वजनकाटा पाठवला होता. त्यावर एकेक वस्तू चढत आणि उतरत होती. सोनाबाईने प्रितेशसाठी तिची जाडी गोधडी घातली होती. ती काढ म्हटलं तर ऐकत नव्हती. हॉस्पिटलात गारठा असतो, माणसाचं रक्त गेलंय, त्याला पांघरूण नको?

तेवढ्यात प्रांजल फोन घेऊन धावत आली. पप्पांनी आवाजातला निरोप पाठवला होता, तिच्या नावाने. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"प्रांजू, आजीला सांग, ती गोधडी आनेल, तिला मी वलखतो. आनू नको बोल. इथं उकडतंय." मग पलंग करकरल्याचा आवाज आला. "आनि तिला बोल, त्या बारक्या विमानात खिडकीपाशी बस. खाली सगला दर्याच हाय."

सोनाबाई पिशवीपाशी बसून होती. तिने गोधडी बाहेर काढली, मांडीवर घेतली, तिची घडी घातली, पुन्हा उलगडून पुन्हा घातली. वजनाचा काटा एकदम खाली आला होता.

"गुरुजींना फोन लाव गो," ती रियाला म्हणाली. "खिडकी भेटते काय इचार."